छातीचा फोटो म्हणजे निकाल नव्हे!

जालना जिल्ह्यातील कोणत्याही वस्तीत जा, क्षयरोगाला तेथे कोणी क्षयरोग म्हणत नाही. 'त्याच्या छातीवर डाग निघाला' असे म्हणतात. फुफ्फुसावरचा डाग आणि माणसावरचा डाग या दोहोंसाठी एकच शब्द! त्यामुळे डाग निघाला की घरचे लोक कुजबुजू लागतात, शेजारी पाण्याचा तांब्या बाजूला ठेवतात, आणि तो डाग नेमका कशाचा आहे हे विचारायचे मात्र राहून जाते.

क्रम ठरलेला आहे. खोकला सुरू झाला की गावातल्या डॉक्टरची सुई. आठ दिवसांनी मेडिकलवरून आणलेली खोकल्याची बाटली. महिन्याने व्याजाने पैसे काढून शहरात जाऊन छातीचा फोटो. फोटोत डाग दिसला की गोळ्या सुरू. दिसला नाही तर 'काही नाही, अशक्तपणा आहे' म्हणून टॉनिक. दोन्ही वेळा एकच गोष्ट राहून जाते. बेडका कोणी तपासत नाही. कामगारांच्या नुकसानभरपाईच्या प्रकरणांत माणसे आमच्यासारख्या वकिलांकडे प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन येतात. त्या पिशवीत तीन-तीन एक्स-रे असतात, हजारो रुपयांची बिले असतात. पण थुंकी तपासल्याचा एक कागद शोधूनही सापडत नाही.

या लेखाचे म्हणणे थोडके आहे. छातीचा फोटो ही चौकशीची सुरुवात आहे, निकाल नव्हे. निकाल द्यायचा तो बेडक्यातल्या जंतूने. आणि ही सगळी चौकशी फुकट, वेळेवर आणि लेखी मिळणे हा आपला हक्क आहे. ती कोणाची मेहेरबानी नाही.

हा प्रश्न चळवळीचा का?

जंतू जात पाहत नाही, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. जंतू जात पाहत नसेल. पण हवा, घर आणि ताट यांची वाटणी या देशात जात पाहूनच झाली आहे. क्षयाचा जंतू हवेतून पसरतो. रुग्ण खोकतो, शिंकतो तेव्हा तो बाहेर पडतो आणि कोंदट खोलीत तरंगत राहतो. ज्याच्या घराला खिडकी आहे त्याच्याकडे तो फार वेळ टिकत नाही. एका पत्र्याच्या खोलीत सहा माणसे झोपतात तेथे तो मुक्काम करतो. शरीरात शिरला तरी दहांपैकी नऊ माणसांत तो झोपून राहतो. भूक, मधुमेह, एचआयव्ही, दारू, तंबाखू किंवा धूळ यांनी शरीर खचले की तो उठतो. आपल्या देशात यांतले सर्वांत मोठे कारण कुपोषण आहे. झारखंडात झालेला एक मोठा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. क्षयरुग्णांच्या घरातील माणसांना पुरेसे धान्य-डाळ दिल्यावर त्या घरांतील नव्या क्षयाचे प्रमाण सुमारे ३९ ते ४८ टक्क्यांनी घटले, असे त्यात आढळले. म्हणजे जे काम औषधाचे समजले जाते, त्यातले निम्मे काम भाकरीनेच केले!

आता जालन्याकडे पाहा. हे शहर पोलाद आणि बियाणे यांसाठी देशात ओळखले जाते. भट्ट्या आणि रोलिंग मिलमध्ये कंत्राटी मजूर राबतो. दुसरीकडे अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा अशा तालुक्यांतून भूमिहीन आणि कोरडवाहू कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. त्यांत आपला समाज आहे, मातंग आहेत, बंजारा-वंजारी आहेत, भटके-विमुक्त आहेत. पाच-सहा महिने पाचटाच्या कोपीत राहायचे, पहाटेच्या थंडीत फडात जायचे, आणि खोकला आला तर तो अंगावर काढायचा. कारण खाडा झाला की कोयत्याचा पैसा कापला जातो. जगातील दर चार क्षयरुग्णांपैकी एक भारतात आहे म्हणतात. तो 'एक' कोण, हे वेगळे सांगायला हवे काय?

फोटो काय दाखवतो?

फोटोला कमी लेखण्याचे कारण नाही. केंद्र सरकारने २०१९ ते २०२१ या काळात देशभर क्षयरोगाचे सर्वेक्षण केले. त्यात सापडलेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के रुग्ण, एक्स-रे काढला नसता, तर हातून निसटले असते. म्हणजे त्यांना सांगण्यासारखी लक्षणेच नव्हती. फक्त 'खोकला आहे का' एवढेच विचारून थांबलो तर जवळजवळ निम्मे रुग्ण मोकळे फिरतात आणि घरच्यांना आजार देतात. त्याच सर्वेक्षणात आणखी एक गोष्ट दिसली. लक्षणे असलेल्यांपैकी ६४ टक्के लोकांनी दवाखान्याची पायरीच चढलेली नव्हती, आणि त्यांतील बहुतेकांनी आजाराकडे दुर्लक्ष केले होते. म्हणूनच आता हातात धरून नेता येणारी एक्स-रे यंत्रे निघाली आहेत. फोटोतील संशयास्पद जागा संगणकाने हेरण्याच्या पद्धतीला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली पंधरा वर्षांवरील व्यक्तींसाठी मान्यता दिली. अशी गाडी वस्तीत आली तर प्रत्येकाने फोटो काढून घेतलाच पाहिजे.

पण फोटो दाखवतो ती सावली. क्षयाची सावली बहुधा फुफ्फुसाच्या वरच्या भागात दिसते, कधी पोकळी पडलेली दिसते, कधी छातीत पाणी दिसते. मात्र न्यूमोनियाचीही सावली पडते. कर्करोगाचीही पडते. बऱ्या झालेल्या जुन्या क्षयाचा व्रण तर जन्मभर तसाच राहतो. उलट एचआयव्ही असलेल्या माणसाला क्षय असूनही फोटो जवळपास स्वच्छ दिसू शकतो. मग एकट्या सावलीवर सहा महिन्यांची औषधे सुरू करायची कशी, आणि सावली नाही म्हणून माणसाला घरी पाठवायचे कसे?

वकिली भाषेत सांगायचे तर फोटो हा परिस्थितीजन्य पुरावा आहे आणि थुंकीत सापडलेला जंतू हा प्रत्यक्ष पुरावा आहे. परिस्थितीजन्य पुराव्यावर शिक्षा होतच नाही असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात त्यासाठी पाच कसोट्या घालून दिल्या आणि त्यांना 'पंचशील' असे नाव दिले. सार असे की, पुराव्याची साखळी पूर्ण असली पाहिजे आणि दुसरी कोणतीही शक्यता उरता कामा नये. क्षयाच्या निदानातही तेच आहे. बेडक्यात जंतू मिळाला नाही तरी लक्षणे, फोटो, साध्या प्रतिजैविकांनी न आलेला उतार, घरातला दुसरा रुग्ण असे सगळे जुळवून जाणता डॉक्टर क्षयाचे औषध सुरू करू शकतो. लहान मुलांत तर पुष्कळदा तसेच करावे लागते, कारण त्यांना बेडका काढता येत नाही. पण साखळी जोडण्याआधी प्रत्यक्ष पुरावा शोधलाच नाही, तर त्याला तपास म्हणत नाहीत.

पोलादनगरीतला दुसरा डाग

जालन्याच्या कामगाराने एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. भट्टीच्या आतल्या अस्तरासाठी गारगोटीची, म्हणजे सिलिकाची भुकटी वापरतात. ते अस्तर ठोकून बसवताना आणि जुने फोडून काढताना बारीक धूळ उडते. खडी क्रशरवर आणि दगड फोडतानाही तीच धूळ असते. ती वर्षानुवर्षे छातीत गेली की सिलिकोसिस होतो. फोटोत त्याच्या बारीक गाठी फुफ्फुसाच्या वरच्या भागातच दिसतात आणि घाईत पाहणाऱ्याला त्या क्षयासारख्या वाटतात. खोकला तोच, दम तोच, वजन घटणेही तेच. माणसाला क्षयाच्या गोळ्या सुरू होतात आणि उतार पडत नाही.

येथे नुसती प्रकृतीच जात नाही, हक्कही जातो. सिलिकोसिस हा कायद्याने मान्य केलेला व्यावसायिक आजार आहे; त्याची भरपाई मालकाकडून मागता येते. कागदावर 'टीबी' लिहिले गेले की मालक हात वर करून मोकळा होतो: 'हा तर त्याच्या वस्तीतला रोग!' आणि दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. सिलिकोसिस झालेल्या फुफ्फुसाला क्षय जडण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी पट अधिक असतो. दोन्ही आजार एकाच छातीत असू शकतात. म्हणून डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपणहोऊन सांगावे: मी अमुक इतकी वर्षे भट्टीवर, क्रशरवर काम केले आहे. केसपेपरवर ते लिहून घ्यावे. ती एक ओळ उद्या न्यायालयात उभी राहते.

बेडका कसा द्यावा?

दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम, घटणारे वजन, मंदावलेली भूक, थुंकीतून रक्त, यांपैकी काहीही असले तर बेडका तपासायला हवा. सरकारी दवाखान्यात दोन नमुने घेतात. एक तेथल्या तेथे, दुसरा सकाळी उठल्याबरोबरचा. तोंड साध्या पाण्याने खळखळून धुवावे, उघड्या हवेत उभे राहावे, दोन-तीन वेळा खोल श्वास घ्यावा आणि छातीतून खोकून बेडका डबीत टाकावा. तोंडातली लाळ दिली तर तपासणी फुकट जाते आणि 'निगेटिव्ह' असा खोटा दिलासा हाती येतो. आपल्या भगिनी चारचौघांत खाकरायला लाजतात आणि लाळ देऊन परततात. आशाताईंनी त्यांना आडोसा करून दिला पाहिजे, नीट समजावून सांगितले पाहिजे.

पूर्वी हा नमुना फक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहत. रॉबर्ट कॉखने २४ मार्च १८८२ रोजी क्षयाचा जंतू जगापुढे मांडला, तेव्हापासून ती पद्धत चालत आली आहे. ती स्वस्त आहे. पण एका मिलिलिटर थुंकीत साधारण पाच ते दहा हजार जंतू असतील तेव्हाच ते नजरेला पडतात. आता सीबीनॅट आणि ट्रूनॅट ही यंत्रे आहेत. ती जंतूचा अनुवंशिक अंश ओळखतात. सीबीनॅटला शंभर-सव्वाशे जंतूही पुरतात आणि सुमारे दोन तासांत उत्तर मिळते. ट्रूनॅट तर आपल्या शेजारच्या गोव्यात बनते. २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली. ही यंत्रे आणखी एक मोलाची गोष्ट सांगतात. रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला जंतू दाद देतो की नाही, हे उपचाराच्या पहिल्याच दिवशी कळते.

ते कळणे किती महत्त्वाचे आहे? धारावीतील खासगी डॉक्टरांचा एक अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला. १०० डॉक्टरांनी क्षयासाठी ८० निरनिराळ्या प्रकारची औषधयोजना लिहून दिली होती! जवळपास वीस वर्षांनी, २०१० साली, पुन्हा तसाच अभ्यास प्रसिद्ध झाला. १०६ डॉक्टर, ६३ प्रकार आणि बरोबर लिहिणारे अवघे सहा. अशा अर्धवट औषधांतून चिवट जंतू तयार होतो. २०१२ च्या सुरुवातीला मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलेल्या कोणत्याच औषधाला दाद न देणारे क्षयरुग्ण समोर आणले, तेव्हा देशभर खळबळ उडाली. चिवट क्षयावर आज सहा महिन्यांचे नवे उपचार आहेत, सरकारने २०२४ साली त्यांना मान्यता दिली आहे. पण जंतू चिवट आहे हे आधी कळले तर ना! तेवढ्यासाठीच फोटोपाशी थांबायचे नाही. रिफाम्पिसिनला दाद नसेल तर पुढची चाचणी, इतर औषधांचीही चाचणी, गरज पडल्यास जंतू वाढवून पाहण्याची चाचणी. या शेवटच्या चाचणीला सहा आठवड्यांपर्यंत वेळ लागू शकतो. तोवर पाठपुरावा सोडू नये.

आणि एक फसवणूक ओळखा. रक्तातील प्रतिपिंडे पाहून फुफ्फुसाचा क्षय सांगणाऱ्या चाचण्या पूर्वी गल्लोगल्ली चालत. त्या चुकीची उत्तरे देतात म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली त्यांविरुद्ध सांगितले आणि जून २०१२ मध्ये केंद्र सरकारने त्यांची आयात, निर्मिती आणि विक्री यांवर बंदी घातली. 'टीबी गोल्ड' नावाची रक्तचाचणी त्यांहून वेगळी आहे. ती शरीरात जंतू शिरला आहे की नाही एवढेच सांगते. आजार जागा आहे की झोपलेला, हे तिला कळत नाही. तेव्हा खोकणाऱ्या माणसाकडून कोणी केवळ रक्ताच्या चाचणीसाठी हजारो रुपये मागत असेल, तर आधी विचारा, 'बेडका कधी तपासणार?'

औषध सुरू झाले म्हणजे संपले नाही

साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा. पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. पंधरा-वीस दिवसांत ताप जातो, भूक लागते, आणि माणूस म्हणतो, 'मी बरा झालो.' येथेच घात होतो. दोन महिने संपताना बेडका पुन्हा तपासावा लागतो. त्यात अजून जंतू दिसले तर औषध लागू पडत नाही की काय, याची चाचणी करावी लागते. सहा महिने संपताना पुन्हा एकदा. नंतर दोन वर्षे दर सहा महिन्यांनी नजर ठेवावी लागते. ही मधली तपासणी सूक्ष्मदर्शकाखालीच करतात. कारण नवी यंत्रे मेलेल्या जंतूचा अंशही पकडतात आणि बऱ्या होत चाललेल्या माणसालाही 'पॉझिटिव्ह' ठरवू शकतात. याबरोबरच प्रत्येक क्षयरुग्णाची साखर आणि एचआयव्ही तपासली गेली पाहिजे, आणि घरातील प्रत्येकाची तपासणी झाली पाहिजे.

बरे झाल्यावरही फोटोत व्रण राहतो, हे वर सांगितलेच. पाच वर्षांनी नोकरीच्या वेळी कोणी फोटो काढला की 'तुला टीबी आहे' म्हणून परत पाठवतात. त्या वेळी आपल्या बाजूने बोलतो तो शेवटच्या थुंकी तपासणीचा आणि उपचार पूर्ण झाल्याचा कागद. सातबारा जपतो तसा तो जपून ठेवावा.

कायदा काय म्हणतो?

संविधानाच्या कलम २१ ने जीविताचा हक्क दिला. कलम ४७ ने सार्वजनिक आरोग्य आणि पोषण सुधारणे हे राज्याचे आद्य कर्तव्य ठरवले. १९९५ साली अॅस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, कामगाराचे आरोग्य हा त्याचा मूलभूत हक्क आहे, आणि तो नोकरी सुटल्यावरही संपत नाही. १९९६ साली पश्चिम बंगालमधील शेतमजुरांच्या संघटनेच्या खटल्यात न्यायालयाने बजावले की, पैसा नाही हे कारण सांगून राज्याला जीव वाचवण्याची जबाबदारी टाळता येणार नाही. 'यंत्र बंद आहे', 'कार्ट्रिज आलेले नाही', 'पुढच्या महिन्यात या' ही उत्तरे या कसोटीवर टिकत नाहीत. २०२४ च्या सुरुवातीला देशात ठिकठिकाणी क्षयाच्या औषधांचाच तुटवडा पडला होता. रुग्णाने एक गोळी चुकवली तर त्याला बेजबाबदार म्हणतात. सरकारने महिनाभराच्या गोळ्या चुकवल्या तर त्याला काय म्हणायचे?

क्षयरुग्णाची नोंद सरकारकडे करणे मे २०१२ पासून खासगी डॉक्टरांवरही बंधनकारक आहे. मार्च २०१८ च्या अधिसूचनेने ही जबाबदारी औषध दुकानदारांवरही टाकली आणि कुचराई केल्यास दंड संहितेची २६९ व २७० ही कलमे लागू केली. भारतीय न्याय संहितेत आता तीच कलमे २७१ व २७२ झाली आहेत. नोंद झाली की 'निक्षय' क्रमांक मिळतो. त्या क्रमांकावर देशात कोठेही सरकारी केंद्रातून औषध घेता येते. पोषणासाठी दरमहा रक्कम मिळते. एप्रिल २०१८ पासून ती ५०० रुपये होती, १ नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये झाली. ती थेट बँक खात्यात जमा होते, म्हणून खाते आणि आधार जोडलेले आहे की नाही हे पहिल्याच दिवशी पाहावे. तसेच, रुग्णाने मागितलेली वैद्यकीय कागदपत्रे डॉक्टरने ७२ तासांत दिली पाहिजेत, असा भारतीय वैद्यक परिषदेचा २००२ चा नियम आहे. अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी.

कारखान्यातील विमाधारक कामगाराला आणखी एक आधार आहे. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते, त्या काळात प्रा. अडारकर यांनी कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल १९४४ साली सादर केला. त्यातूनच १९४८ साली राज्य कामगार विमा योजनेचा कायदा झाला. या योजनेतील दीर्घकालीन आजारांच्या यादीत क्षयरोग आहे. अटी पूर्ण करणाऱ्या कामगाराला रजेच्या काळात वेतनाच्या ८० टक्क्यांपर्यंत लाभ मिळतो. पण कंत्राटदाराने नावच नोंदवले नसेल तर हा लाभ मिळणार कसा? म्हणून बेडक्याच्या तपासणीइतकीच हजेरीपटाची तपासणीही गरजेची आहे.

घराबाहेर काढू नका

मद्रास येथील केंद्राने १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने जगाला दाखवून दिले की, आरोग्यधामात ठेवलेला क्षयरुग्ण आणि घरी राहून औषध घेणारा क्षयरुग्ण सारखेच बरे होतात, आणि घरी राहिल्याने घरच्यांना फारसा अधिक धोका होत नाही. तो अभ्यास होऊन साठ वर्षे उलटून गेली, तरी आपल्याकडे सून खोकू लागली की तिची रवानगी माहेरी होते. भांडी वेगळी, अंथरूण वेगळे. क्षय भांड्यातून पसरत नाही. तोंडावर रुमाल, उघडी खिडकी आणि रोजची गोळी एवढे पुरे. पतीने कोर्टाची धमकी दिली तर सांगा: हिंदू विवाह कायदा, जो बौद्धांनाही लागू आहे, त्यातील घटस्फोटाच्या कारणांत क्षयरोग कोठेही नाही. ज्या समाजाने विटाळाचे चटके सोसले, त्याने आपल्याच घरात नवा विटाळ निर्माण करू नये.

विहारातून सुरुवात

'निदान' हा शब्द आपल्याला परका नाही. पाली भाषेत निदान म्हणजे कारण. दुःख आहे, दुःखाला कारण आहे, कारण दूर करता येते आणि त्याला मार्ग आहे, ही तथागतांची मांडणी वैद्याच्या मांडणीसारखीच आहे. कारण न शोधता उपाय करणे हे धम्माला मान्य नाही; मग ते अंगारा-धुपाऱ्याने असो की नुसत्या फोटोवरून लिहिलेल्या गोळ्यांनी. आजारी भिक्खूला इतरांनी टाकून दिले तेव्हा बुद्धांनी आनंदासह स्वतः त्याला धुतले, अंथरुणावर निजवले. प्लेगच्या साथीत रोग्यांची सेवा करताना सावित्रीमाई १८९७ साली गेल्या. हा वारसा केवळ जयंतीच्या भाषणापुरता नाही.

म्हणून एक कार्यक्रम सुचवावासा वाटतो. वर्षावासात आपल्या विहारांत ग्रंथवाचन चालते, वस्ती रोज एकत्र बसते. ऊसतोडीच्या गाड्या त्यानंतर निघतात. तेव्हा वर्षावासातच प्रत्येक विहाराने जिल्हा क्षयरोग केंद्राला पत्र देऊन तपासणीचा दिवस मागावा: फोटो आणि बेडका, दोन्ही. ज्यांना क्षय निघेल त्यांचे औषध धम्मचक्र प्रवर्तन दिनापर्यंत, म्हणजे १४ ऑक्टोबरपर्यंत सुरू व्हावे आणि निक्षय क्रमांक खिशात घालूनच त्यांनी गाडीत बसावे. दोन महिन्यांची तपासणी येते ती ६ डिसेंबरनंतरच्या आठवड्यात. ती कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात व्हावी. त्यासाठी विहारातील एका कार्यकर्त्याने फोन करून आठवण द्यावी, मुकादमाला बजावावे. सहा महिने भरतात ते १४ एप्रिलला. लोक जयंतीला गावी परत येतात, तेव्हा शेवटचा बेडका गावातच तपासला जावा. आपल्या तीन तारखा, क्षयाच्या तीन तपासण्या. पाठ करायला सोपे आहे.

त्याचबरोबर माहितीच्या अधिकारात जिल्ह्याला चार प्रश्न विचारावेत. आठ तालुक्यांत सीबीनॅट आणि ट्रूनॅट यंत्रे किती आणि कोठे? गेल्या वर्षभरात ती किती दिवस बंद होती? एक्स-रे यंत्र आहे तेथे तंत्रज्ञ आहे काय? स्थलांतरित रुग्णांपैकी किती जणांची दुसऱ्या महिन्याची तपासणी झाली? ९ ऑक्टोबर २०२४ रोजी जालन्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. पूर्वी छातीच्या तज्ज्ञासाठी घाटी रुग्णालय गाठावे लागत असे. आता जिल्ह्यातच महाविद्यालय आहे, तर त्याचा उपयोग भट्टीवरच्या कामगाराला आणि कोपीतल्या बाईला किती होतो, याचा हिशेब मागण्याचा आपल्याला अधिकार आहे.

२०२५ पर्यंत क्षयमुक्त भारत, अशी घोषणा २०१८ साली झाली होती. ते वर्ष आले, क्षय काही गेला नाही. घोषणांनी जंतू मरत नाही. तो मरतो पूर्ण तपासणीने, पूर्ण औषधाने आणि पोटभर जेवणाने. तेव्हा यापुढे कोणी 'डाग निघाला' म्हटले तर घाबरू नका, लपवू नका. एकच प्रश्न विचारा: बेडका तपासला काय? आणि उत्तर तोंडी घेऊ नका, कागदावर घ्या.